गिझरचा सांडवा

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणालाही विचारा, राधानगरीचे किती दरवाजे उघडलेत? पानपट्टीवाला सांगेल, रिक्षावाला सांगेल, शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल. सात स्वयंचलित दरवाजे, एकेकातून १४२८ क्युसेक. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की दरवाजा आपोआप वर होतो, पातळी उतरली की आपोआप बसतो. रात्री दोन वाजता कुणी साहेब उठून बटण दाबत नाही. पंचगंगा ३९ फुटांवर इशारा पातळीला, ४३ फुटांवर धोका पातळीला, हे तर आपल्याला पाढ्यासारखं पाठ आहे.

आता त्याच माणसाला दुसरा प्रश्न विचारा. तुमच्या बाथरूममधल्या गिझरचा सांडवा कुठं आहे?

नव्वद टक्के माणसं आधी हसतील. गिझरला कसला सांडवा?

मीपण हसलो असतो. पण मागच्या डिसेंबरात आमच्या अपार्टमेंटमध्ये एक प्रकार झाला. शेजारच्यांच्या गिझरखाली रोज सकाळी थेंब थेंब पाणी पडायचं. वहिनींनी खाली बादली ठेवली, मग वैतागून प्लंबर बोलावला. पोरगं चांगलं होतं, कामाला वाघ. गिझरच्या खालच्या बाजूला पितळेचा छोटा व्हॉल्व्ह असतो, त्याच्या तोंडातनं थेंब येत होते. त्यानं ते तोंड आटे पाडलेला प्लग लावून बंद केलं. वर टेपचे चार वेढे. म्हणाला, "काका, आता एक थेंब पडायचा नाय." सगळे खूश. मीपण खूश. चहा पाजून पाठवला त्याला.

पुढं एका निवृत्त बॉयलर अटेंडंट मित्राला सहज हे सांगितलं. साखर कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस. तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे तुम्ही राधानगरीचे सातही दरवाजे वेल्डिंग करून आलाय की!"

त्या एका वाक्यानं मी दोन महिने या विषयाच्या मागं लागलो. ही पोस्ट त्याचीच आहे. लांब आहे, पण हिवाळ्यापूर्वी वाचून ठेवा.

*आधी बंब होता*

शिवाजी पेठेतल्या आमच्या आज्जीच्या घरी परसात तांब्याचा बंब होता. तांब्याचं गोल पोट, त्याच्या मधनं आरपार गेलेली नळी, नळीच्या तळाला जाळी, खाली राख पडायला जागा. नळीत वरनं शेणीचे तुकडे, करवंट्या, वाळलेलं जळण टाकायचं. धूर त्याच नळीतनं वर जायचा आणि नळीभोवतीचं पाणी तापायचं. बंब पेटवणं हे पोरांचं काम. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला पहाटे चारला उठून फुंकणीनं फुंकताना डोळ्यांतनं पाणी यायचं.

आता या बंबाकडं जरा कारागिराच्या नजरेनं बघा. त्याचं झाकण नुसतं ठेवलेलं असायचं. आवळलेलं नाही, स्क्रू नाही, रबर नाही. पाणी उकळलं तर झाकण थडथडायचं, वाफ निघून जायची. काही बंबांची तर आणखी गंमत होती. नरसाळ्यासारख्या तोंडातनं गार पाणी ओतलं की दुसऱ्या तोटीतनं तेवढंच कढत पाणी घंगाळात पडायचं. गार ओतल्याशिवाय गरम मिळायचंच नाही! त्यामुळं बंब कधी कोरडा पडायचा नाही.

अशा उघड्या भांड्यातलं पाणी कितीही जाळ घातला तरी शंभर अंशांच्या आसपासच थांबतं. जास्तीची सगळी उष्णता वाफ घेऊन जाते. आपल्याकडच्या गुऱ्हाळातली काहील बघा. चुलवाणात दिवसभर जाळ असतो, रस उतू येतो, पण काहील फुटल्याचं कुणी ऐकलंय का? वरनं सताड उघडी आहे, फुटेल कशाला?

बंब करणाऱ्या तांबटांनी भौतिकशास्त्राचं पुस्तक वाचलं नसेल. पण तापलेल्या पाण्याला वर जायची वाट ठेवायची, हे त्यांच्या हाताला माहीत होतं.

*मग टाकी आणि एअर पाईप आला*

कोल्हापूरनं पाण्यासाठी खूप वाट बघितली आहे. कळंबा तलाव, पाण्याचा खजिना, मग पंचगंगेवरचा उपसा, आणि शेवटी काळम्मावाडीची सुमारे ५३ किलोमीटरची थेट पाईपलाईन, जिचं पाणी २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर पुईखडीला पोचलं. पण नळाला पाणी ठरलेल्या वेळेलाच येणार, हे गृहीत धरूनच आपली घरं बांधली गेली. म्हणून प्रत्येक घरावर टाकी. आधी सिमेंटची, मग काळी प्लास्टिकची.

गिझर आला तो या टाकीखाली. टाकीतलं पाणी स्वतःच्या वजनानं खाली यायचं. टाकी गिझरपेक्षा दहा मीटर वर असेल तर दाब साधारण एक बार. गिझरची टाकी सहसा आठ बार दाबासाठी बनवलेली असते, म्हणजे काहीच भार नाही.

आणि जुने प्लंबर आणखी एक काम करायचे. गरम पाण्याच्या लाईनवरनं एक उभा पाईप काढून तो गच्चीवरच्या टाकीपेक्षा वर नेऊन उघडा सोडायचे. त्याला सगळे एअर पाईप म्हणायचे. वरचं टोक छत्रीच्या दांड्यासारखं वाकवलेलं. जुन्या बंगल्यांवर अजून दिसतात.

त्या पाईपाचा हिशोब सोपा आहे. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटरच्या गिझरमधलं पाणी २० अंशांवरून ७५ अंशांपर्यंत तापवलं तर ते जवळपास ६०० मिलीलिटरनं वाढतं. चांगला तांब्याभर. रोज सकाळी हे तांब्याभर जास्तीचं पाणी कुठंतरी जायला हवं. टाकीच्या जमान्यात ते गुपचूप आल्या वाटेनं टाकीकडं मागं सरकायचं किंवा एअर पाईपात वर चढायचं. आपल्याला पत्ताही लागायचा नाही. म्हणजे दिसायला बंद असलेला गिझर खरं तर उघडाच होता. बंबाचं झाकण फक्त गच्चीवर गेलं होतं.

ही पद्धत इंग्रजांची. त्यांच्या देशात माळ्यावर टाकी आणि उघडा पाईप हीच रीत होती. बंद गिझर, म्हणजे वर टाकी नाही, उघडा पाईप नाही, थेट दाबाच्या नळाला जोडलेलं सिलिंडर, हे युरोपात आणि अमेरिकेत केव्हाच सुरू झालं होतं. इंग्लंडात मात्र १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याला परवानगी नव्हती. १९८५ च्या बांधकाम नियमावलीत ती मिळाली, पण अटी घालून. तापमान सांभाळायला एकावर एक अशी वेगवेगळी साधनं हवीत. शिवाय सुटणारं पाणी सुरक्षित ठिकाणी, दिसेल असं आणि कुणाला भाजणार नाही असं बाहेर न्यायची पाईपलाईन हवी. त्या लाईनवर मध्ये एक उघडं नरसाळं ठेवायचं, म्हणजे पाणी सुटतंय हे डोळ्यांना दिसतं. नरसाळ्याच्या आधीचा तुकडा धातूचा, नंतरचा पाईप एक आकार मोठा, सलग उताराचा, आणि धातूचा नाहीतर तेवढी उष्णता सोसेल अशाच प्लास्टिकचा.

आपण काय केलं? बंद गिझर घेतला. अटींचं पान तिकडंच राहिलं.

*शिट्टी चिकटवायची नसते*

बंद भांड्यात पाणी तापवणं धोक्याचं आहे, हे काही आजचं ज्ञान नाही. देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं वाफेवर हाडं शिजवणारं बंद भांडं मांडलं. आपल्या कुकरचा खापरपणजोबा. भांडं फुटू नये म्हणून त्यानं त्याला वजन लावलेली झडप बसवली. दाब वाढला की वजन उचललं जातं, वाफ निसटते. साडेतीनशे वर्षं होत आली, तत्त्व तेच आहे. तुमच्या कुकरची शिट्टी, साखर कारखान्याच्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गिझरखालचा तो पितळेचा तुकडा ही सख्खी भावंडं आहेत.

कुकरची शिट्टी फार वाजते म्हणून कुणी एम-सील लावून बंद करतं का? मग गिझर ठिबकतो म्हणून त्याला प्लग कसा लावतो आपण?

बॉयलरची आठवण यासाठी की त्याच्यासाठी देशात १९२३ पासून कायदा आहे. बंद भांडं २२.७५ लिटरपेक्षा मोठं असेल आणि त्यात दाबाखाली वाफ तयार होत असेल, तर तो बॉयलर, त्याची नोंदणी, त्याची तपासणी, अशी ती जुनी व्याख्या. आपला गिझर १५ नाहीतर २५ लिटरचा. त्याचं काम वाफ करायचं नाही, त्यामुळं तो या कायद्यात येत नाही आणि ते बरोबरच आहे. पण आकार बघा. घरातला २५ लिटरचा गिझर आणि कायद्यानं भीती बाळगलेलं सगळ्यात छोटं भांडं यांच्यात जेमतेम दोन-अडीच लिटरचा फरक.

*कोल्हापुरात काय बदललं*

गेल्या वीसेक वर्षांत आपल्याकडं दोन गोष्टी झाल्या. एक, शॉवरला जोर हवा म्हणून प्रेशर पंप आले. दोन, गरम पाणी उलटं गार लाईनमध्ये जाऊ नये म्हणून गिझरच्या तोंडाशी एकाच दिशेनं उघडणारा व्हॉल्व्ह आला. प्लंबर त्याला एनआरव्ही म्हणतात. अनेक गिझरबरोबर येणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये तो आतच असतो.

एनआरव्ही बसला की मागची वाट बंद. प्रेशर पंपामुळं एअर पाईपातनं गच्चीवर कारंजं उडायला लागलं, म्हणून त्यालाही टोपी घातली. म्हणजे वरची वाटही बंद. आता ते रोजचं तांब्याभर पाणी कुठं जाणार? एकच जागा उरली, पितळी व्हॉल्व्हचं तोंड. पाणी तापतं, दाब चढतो, व्हॉल्व्ह किंचित उघडतो, थोडं पाणी ठिबकतं, दाब उतरतो.

थोडक्यात, गिझर तापताना व्हॉल्व्ह ठिबकत असेल तर तो आपलं काम करतोय. गिझर बंद असताना, पाणी गार असतानाही चोवीस तास ठिबकत असेल तर मात्र व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा लाईनचा दाबच जास्त आहे. तेव्हा व्हॉल्व्ह बदला, दाब कमी करणारं साधन लावा. तोंड बुजवू नका.

बुजवलं तर काय होतं? खरं सांगायचं तर बहुतेक वेळा लगेच काही होत नाही, आणि तीच अडचण आहे. थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला वीज तोडतो. तो अडकला तर दुसरा कटआऊट असतो. पण टाकी रोज फुगते, रोज आक्रसते. जोड ढिले होतात, वेल्डिंगला तडे जातात, टाकी लवकर गळायला लागते आणि आपण कंपनीला शिव्या देतो. खरा अपघात व्हायला थर्मोस्टॅट चिकटणं, कटआऊट न चालणं आणि व्हॉल्व्ह बंद असणं, हे तिन्ही एका वेळी जुळावं लागतं. पहिली दोन तुमच्या हातात नाहीत. तिसरं आपण पैसे देऊन करून घेतो.

जुळलंच तर? आठ बार दाबाखाली पाणी शंभरला उकळत नाही, साधारण १७५ अंशांपर्यंत पाणीच राहतं. टाकी फाटली की दाब एकदम शून्यावर येतो आणि त्यातल्या सातव्या हिश्शाच्या आसपास पाण्याची क्षणात वाफ होते. २५ लिटरच्या गिझरमधनं निघणारी ही वाफ पाच घनमीटरच्या वर भरते. चार बाय सहाचं, आठ फूट उंचीचं बाथरूम साधारण तेवढंच असतं. हा हिशोब त्या बॉयलरवाल्या मित्रानं सिगारेटच्या पाकिटावर करून दाखवला. त्या रात्री मी आंघोळ गार पाण्यानं केली.

*पण वाट कशाची आहे?*

आता मुद्द्यावर येऊ. समजा, तुम्ही प्लग काढला. व्हॉल्व्हच्या तोंडाला पाईप जोडून पाणी खाली नहाणी ट्रॅपपर्यंत न्यायचं ठरवलं. (हा शब्दही आपलाच बरं का. आपली न्हाणी प्लंबिंगच्या पुस्तकात जाऊन बसली आणि परराज्यातला प्लंबरसुद्धा नहाणी ट्रॅपच मागतो.) पाईप कुठला घालणार?

प्लंबरच्या पिशवीत असेल तो. पांढरा किंवा करडा पीव्हीसी. काही ठिकाणी तर मी बागेची हिरवी नळी खोचलेली बघितली.

इथं शेतातली गोष्ट आठवा. आपल्याकडं नदीवरनं उसाला पाणी नेणाऱ्या पाईपलाईनी किती आहेत, सांगायला नको. रानात पीव्हीसी पाईपला सॉकेट नसेल तर काय करतात? उसाचा पाला पेटवतात, पाईपचं टोक जाळावर फिरवतात. मिनिटभरात ते कणकेसारखं मऊ पडतं. मग दुसऱ्या पाईपवर चढवायचं, वर गार पाणी ओतायचं. झाला जोड. प्रत्येक शेतकऱ्याच्या पोराला हे येतं. शहरात येऊन प्लंबर झालेल्या पोरालाही येतं. साधारण ८० अंशांला पीव्हीसी मऊ पडायला लागतो. पिण्याच्या पाण्याच्या यूपीव्हीसी पाईपचं जे भारतीय मानक आहे, आयएस ४९८५, ते ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी आहे. आणि तोच पाईप आपण अशा व्हॉल्व्हला जोडतो ज्यातनं बिघाडाच्या दिवशी उकळतं पाणी येणार!

फसगत कुठं होते बघा. रोज सकाळी ठिबकणारं पाणी गार लाईनच्या बाजूचं असतं, फार तर कोमट. त्याला कुठलाही पाईप चालतो. हिरवी नळीसुद्धा वर्षानुवर्षं चालते. त्यामुळं 'आमच्याकडं दहा वर्षं हाच पाईप आहे, काही झालं नाही' हे म्हणणं खरं असतं आणि बिनकामाचंही असतं. त्या पाईपची परीक्षा एकाच दिवशी होणार असते, थर्मोस्टॅट चिकटेल त्या दिवशी. तेव्हा तो मऊ पडून वाकला, दबला, जोडातनं निसटला, तर उकळतं पाणी खाली उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर.

हे नुसतं 'समजा' नाही. २००२ साली इंग्लंडमधल्या टाँटन गावात एका घरात हीटरचा थर्मोस्टॅट बिघडला. तिथं पद्धत जुनी, उघड्या पाईपची. पाईपनं आपलं काम चोख केलं, उकळतं पाणी वर माळ्यावरच्या टाकीत नेऊन सोडलं. पण टाकी प्लास्टिकची होती. तासन् तास उकळतं पाणी पडून ती मऊ पडली आणि कोसळली. खाली खोलीत दहा महिन्यांचं बाळ झोपलं होतं. ते गेलं.

वाट होती. वाट मोकळीही होती. पण वाटेच्या शेवटी जे प्लास्टिक होतं, ते तेवढ्या उष्णतेसाठी नव्हतं. त्यानंतर तिकडं अशा हीटरना आपोआप पुन्हा चालू न होणारा वेगळा कटआऊट सक्तीचा झाला, २०१० च्या नियमांत उघड्या पद्धतीवरही बंधनं आली. एका बाळाचा जीव गेल्यावर.

*मग कुठलं प्लास्टिक?*

सगळं प्लास्टिक एकच नसतं. पीव्हीसीमध्ये क्लोरीन वजनानं ५७ टक्क्यांच्या आसपास असतो. तो आणखी वाढवला, ६३ ते ६७ टक्क्यांपर्यंत, की सीपीव्हीसी तयार होतो. तोच तो फिकट पिवळसर पाईप. तो ९३ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेला असतो, त्याचं मानक आयएस १५७७८. हिरवा पीपीआर पाईप वितळवून जोडतात, त्याचं मानक आयएस १५८०१. तो रोजच्या ७० अंशांना आणि थोडा वेळ ९५ अंशांना टिकतो. मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेला कंपोझिट पाईपही ९५ पर्यंत जातो. काळा एचडीपीई आणि पांढरा यूपीव्हीसी हे गार पाण्याचे पाईप. चांगलेच आहेत, पण त्यांच्या जागी.

मी घरात जे करून घेतलं, ते असं:

१. व्हॉल्व्हच्या तोंडापासून पहिला हातभर तुकडा धातूचा, जीआय किंवा तांब्याचा. सगळ्यात कढत पाणी आणि वाफ तिथंच येते.

२. त्याच्या खाली उघडं नरसाळं. मध्ये हवेची फट राहते, पाणी पडताना दिसतं आणि खालचा पाईप कधी तुंबला तरी व्हॉल्व्ह तुंबत नाही.

३. नरसाळ्याखाली एक आकार मोठा सीपीव्हीसी. जोडाला सीपीव्हीसीचंच सोल्युशन. पिशवीतला पीव्हीसीचा डबा चालत नाही, प्लंबर 'चालतंय की' म्हणाला तरी.

४. दर दोन फुटांवर क्लॅम्प, पण गच्च आवळलेला नाही. तीन मीटरचा सीपीव्हीसी पाईप ६० अंशांनी तापला तर सेंटिमीटरभर लांबतो. त्याला सरकायला जागा हवी आणि मऊ पडला तरी लोंबायला नको.

५. सगळीकडं खाली उतार. मध्ये नळ नाही, कॉक नाही, टोपी नाही. शेवट जमिनीपासून वीतभर वर, नहाणी ट्रॅपच्या दिशेनं, आंघोळ करणाऱ्याच्या पायापासून लांब.

६. दोन महिन्यांतनं एकदा गिझर बंद करून, पाणी गार झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी उचलून बघायची. बोअरचं पाणी असेल तर क्षार बसून व्हॉल्व्ह अडकतो. अडकलेला व्हॉल्व्ह आणि प्लग लावलेला व्हॉल्व्ह, दोन्ही सारखेच.

खर्च? चार-पाच जणांच्या मिसळीएवढा. मजुरी वेगळी.

सोलरवाल्यांनीही कान द्या. गच्चीवरच्या साध्या सोलरला उघडा एअर पाईप असतो, म्हणजे तो बंबाच्या घराण्यातला आहे. पण एप्रिल-मेमध्ये घरातली माणसं गावाला गेली, पाणी वापरलं गेलं नाही, की त्यातलं पाणी उकळीला जातं आणि वीज तोडावी तसा सूर्य तोडता येत नाही. तो पाईप काळ्या प्लास्टिक टाकीत वळवून 'पाणी वाचवलं' म्हणणारे महाभाग मी बघितलेत. टाँटनच्या माळ्यावर हीच रचना होती.

*हे बघायचं कुणी?*

गिझर कसा बनवावा याचं मानक आहे, आयएस २०८२. दुकानातल्या गिझरवर आयएसआयचा शिक्का असतो, तो घ्यावाच. पण शिक्का गिझरच्या डब्यावर आहे, भिंतीतल्या पाईपवर नाही. पाईप टाकणारा बिल्डरचा माणूस, गिझर लावणारा दुकानाचा माणूस, ठिबकणं थांबवणारा आपल्या ओळखीचा माणूस. तिघांनी आपापलं काम केलं. पाणी सुटल्यावर कुठं जाणार, हे तिघांपैकी कुणाचंच काम नव्हतं.

दहा-बारा मजली इमारती आता कोल्हापुरात नव्या राहिल्या नाहीत. वरच्या टाकीपासून खालच्या मजल्यापर्यंत तीन बारपेक्षा जास्त दाब नुसत्या उंचीनं तयार होतो. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी देवळाच्या भोवती यात्री निवास आहेत, पोरापोरींची हॉस्टेलं आहेत. एकेका इमारतीत वीस-तीस गिझर आणि रोज नवा माणूस, ज्याला कुठला व्हॉल्व्ह कुठं आहे माहीत नाही. तिथं फायर एक्स्टिंग्विशर बघायला माणूस येतो. गिझरखालचा पाईपही त्याच फेरीत बघायला किती वेळ लागेल? खोलीमागं एक मिनिट.

मागण्या फार मोठ्या नाहीत. फ्लॅटचा ताबा देताना बिल्डरनं गिझरच्या जागी गरम पाण्याच्या दर्जाची निचरा लाईन दिलेली असावी. लॉज आणि हॉस्टेलच्या तपासणीत या दोन ओळी वाढवाव्यात. आयटीआयमध्ये प्लंबिंग शिकणाऱ्या पोरांना एकदा तरी व्हॉल्व्ह उघडून दाखवावा आणि प्लग का लावायचा नाही, हे सांगावं. त्या पोराची चूक नाही. त्याला थेंब थांबवायला बोलावलं होतं, त्यानं थांबवला. थेंब कशासाठी पडतोय, हे ना त्याला कुणी सांगितलं होतं, ना आम्हाला.

राधानगरीचे दरवाजे कुणाच्या परवानगीशिवाय उघडतात, म्हणून धरण सुरक्षित आहे. पण २०१९ आणि २०२१ ला आपण बघितलं की नुसतं दरवाजे नीट असून शहर वाचत नाही. सुटलेल्या पाण्याला पुढं जायला जागा लागते. नदीच्या वाटेत आपण काय काय बांधून ठेवलंय, त्यावर सगळं ठरतं. तो प्रश्न मोठा आहे, एका घराच्या हातातला नाही.

गिझरचा प्रश्न मात्र हातातला आहे. शेजाऱ्यांकडचा प्लग आम्ही संक्रांतीच्या आधी काढला. त्याच प्लंबरला बोलावलं, सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "काका, मग मला अजून चौदा घरात जायला लागंल."

तो गेला. मोजून चौदा घरं. मंडळी, आज रात्री तुमच्या गिझरखाली एकदा टॉर्च मारून बघा.